चूक त्यांची, लाज आपल्याला का?

आमच्या अभ्यासिकेत एका पोराच्या तीन संध्याकाळी वाया गेल्या. त्याला एक मोफत मिळणारं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर बसवायचं होतं. सोबतच्या माहितीत दिलेली कमांड तो जशीच्या तशी टाइप करायचा आणि स्क्रीनवर एरर यायची. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "हे आपल्यासारख्यांचं काम नाही." मग आम्ही दोघं-तिघं सोबत बसलो. माहिती लिहिणाऱ्यानंच कमांडमधलं एक अक्षर गाळलं होतं. चूक त्यांची होती आणि आमचा पोरगा ती तीन दिवस स्वतःत शोधत होता.

मित्रांनो, ज्याचा काका पुण्यात इंजिनिअर आहे तो अशा वेळी फोन लावतो आणि पाच मिनिटांत मोकळा होतो. घाटंजी, आर्णी, उमरखेडच्या खेड्यांतून आलेल्या, घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलामुलींना असा काका नसतो. त्यांच्याकडे फक्त तो लिहिलेला मजकूर असतो. म्हणून त्यातली चूक सगळ्यांत जास्त त्यांनाच भोवते. आमचं म्हणणं असं की ती दुरुस्तही आपणच करावी.

प्रोग्रॅममधला काही मजकूर संगणकासाठी असतो आणि काही माणसांसाठी. कोडच्या ओळींमध्ये लिहिलेल्या टिपा, म्हणजे कमेंट्स, आणि सोबतचं डॉक्युमेंटेशन हे माणसांसाठी. प्रोग्रॅम चालवताना संगणक ते वाचत नाही, त्यामुळे तिथल्या चुकीनं काही अडत नाही आणि ती वर्षानुवर्षं तशीच राहते. लिहिणाऱ्यालाही ती दिसत नाही, कारण तो आपल्या मनातलंच वाचत असतो. नवखा माणूस मात्र अक्षर न् अक्षर वाचतो. या कामात नवखेपण हीच पात्रता आहे.

"पण आमचं इंग्रजी कच्चं आहे," असं पोरं म्हणतात. मग ऐका. १९९६ मध्ये एचटीटीपी १.० चा दस्तऐवज प्रसिद्ध झाला, त्यात 'रेफरर' या शब्दातला एक 'आर' गळालेला होता. जगभरचे ब्राउझर आजही तोच चुकीचा शब्द वापरतात, कारण तो बदलला तर असंख्य प्रोग्रॅम मोडतील. युनिक्समध्ये फाइल तयार करायच्या 'क्रिएट' या कॉलच्या स्पेलिंगमध्ये शेवटचा 'ई' नाही. म्हणून कुणी ही माणसं नालायक ठरवली का? आणि आपल्याकडे? जोतिराव फुल्यांनी व्यवस्थेला प्रश्न विचारले तेव्हा विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेतून त्यांच्या व्याकरणाची खिल्ली उडवली. आधी पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवायचं आणि मग शुद्धलेखनावरून हिणवायचं, ही चाल आपल्याला नवी नाही. कुणाची चूक खपवून घ्यायची आणि कुणाची चव्हाट्यावर मांडायची, हे इथं जात ठरवत आली.

म्हणूनच आपण दुसऱ्याची चूक सुधारताना चिपळूणकर व्हायचं नाही. मागून येणाऱ्याची वाट सोपी व्हावी, एवढ्यासाठीच सुधारायचं.

"एका अक्षरानं काय होतं?" हा प्रश्न निदान विदर्भात तरी विचारू नका. टीसीवर एक आडनाव आणि जातीच्या दाखल्यावर दुसरं स्पेलिंग, एवढ्यावरून किती पोरांचे प्रवेश लटकतात ते आपण पाहतो. अनुसूचित जमातींच्या यादीतली 'गोंड गोवारी' ही नोंद एका जमातीची की मधल्या स्वल्पविरामानं दोन जमातींची, हा वाद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याच हक्काच्या मागणीसाठी २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात निघालेल्या मोर्चात ११४ गोवारी बांधव चेंगरून मेले.

मसुदा दुरुस्त करणं हे हलकं काम असतं, तर बाबासाहेबांनी त्यात आपली तब्येत झिजवली नसती. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी हिशेब दिला होता: घटनेच्या मसुद्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. मसुद्यातला शब्द न् शब्द तपासून घ्यायचा असतो, हा संस्कार आपल्या घरातलाच आहे.

काही कार्यकर्ते विचारतात, बड्या कंपन्यांसाठी फुकट का राबायचं? प्रश्न रास्त आहे. आमचं उत्तर असं की लिनक्स, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस आपणही वापरतो. तिथं केलेली दुरुस्ती तुमच्या नावानं कायमची नोंदली जाते, आणि सगळ्यांसमोर काम करायची भीती जाते. पण तिथं जात नाही, असं आम्ही म्हणणार नाही. आडनाव तिथंही दिसतं. २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या सरकारी खात्यानं सिस्को कंपनीवर जातीय भेदभावाच्या आरोपावरून दावा दाखल केला, हे विसरू नका.

आणखी एक सावधगिरी. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये टी-शर्ट मिळवण्यासाठी अनेकांनी निरर्थक बदलांचा पाऊस पाडला. प्रकल्प सांभाळणारे इतके वैतागले की आयोजकांना महिना सुरू असतानाच नियम बदलावे लागले. तसं करू नका. आधी त्या प्रकल्पाचे नियम वाचा. हीच दुरुस्ती कुणी आधी पाठवली आहे का, ते पाहा. कमेंट आणि डॉक्युमेंटेशनमधलं स्पेलिंग सुधारा, पण व्हेरिएबल आणि फंक्शनच्या नावांना विचारल्याशिवाय हात लावू नका. काय बदललं ते एका ओळीत लिहा. नाकारलं तर कारण विचारा, खचू नका.

आणि स्पेलिंगवरच थांबू नका. आज अक्षर सुधारा, उद्या न समजणारा परिच्छेद सोपा करून लिहा, परवा तो मराठीत आणा आणि मग कोडला हात घाला. आमच्या त्या पोरानं गळालेलं अक्षर भरून दुरुस्ती पाठवली आणि चार दिवसांनी ती स्वीकारली गेली. आता ती माहिती वाचून कुणाच्या तीन संध्याकाळी जाणार नाहीत. "हे आपल्यासारख्यांचं काम नाही," हे वाक्य तो पुन्हा बोललेला नाही.

जय भीम!