छापा मुंबईचा, शेड आपल्या गावातलं

द्राक्षं, हळद, कास पठार, कोयनेचं पाणी ही सांगली-साताऱ्याची ओळख. गेल्या दोन वर्षांत मात्र या दोन जिल्ह्यांचं नाव एका वेगळ्याच मालासाठी राज्यभर गाजलं. तो माल म्हणजे एमडी, अर्थात मेफेड्रोन.

आधी घटनाक्रम बघू. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुपवाडमध्ये सुमारे १४० किलो एमडी पकडलं. धागा होता कुरकुंभच्या कारखान्याचा. पुढच्याच महिन्यात मुंबई गुन्हे शाखेने कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळी गावात एमडी बनवणारा कारखानाच शोधला. तिथे १२२ किलोहून जास्त माल होता, पोलिसांच्या हिशेबाने २४५ कोटींचा. जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळ कार्वे एमआयडीसीत कारखाना सापडला. आणि डिसेंबर २०२५ मध्ये पाळी साताऱ्याची आली. जावळी तालुक्यात, कोयनेच्या बॅकवॉटरजवळच्या सावरीत मुंबई गुन्हे शाखेने छापा टाकला. किंमत सांगितली गेली सुमारे ११५ कोटी. त्यानंतर राजकीय आरोप-प्रत्यारोप सुरू झाले आणि चर्चा शेड कुणाचं यावरच अडकली.

या चार कारवायांत एक गोष्ट नीट बघा. विट्याची कारवाई सांगलीच्या स्थानिक गुन्हे शाखेची. बाकी तीन ठिकाणी सुरुवात पुण्या-मुंबईतून झाली. इरळीचंच उदाहरण घ्या. कुर्ल्यात एका महिलेकडे ६४१ ग्रॅम एमडी मिळालं, तिथून धागा सुरतला गेला आणि सुरतहून थेट आपल्या द्राक्षपट्ट्यात आला. म्हणजे शहरात गिऱ्हाईक पकडलं गेलं म्हणून गावातला कारखाना कळला. ती महिला सापडलीच नसती तर?

मोठे मासे तर आणखी लांब बसलेले असतात. इरळीच्याच प्रकरणात २०२५ च्या जून-जुलैमध्ये दोन संशयितांना सीबीआयने इंटरपोलच्या मदतीने संयुक्त अरब अमिरातीतून भारतात आणलं. पैसा दुबईकडचा, बाजार मुंबईचा आणि शेड आपलं, अशी ही वाटणी. गावच का? आडबाजूची जागा, रिकामी शेड्स, कमी वर्दळ आणि कामाच्या शोधातली पोरं, हे सगळं इथे स्वस्तात मिळतं.

ब्रिटन या वाटेवरून आधीच गेलाय. ‘म्याव म्याव’ हे एमडीचं टोपणनाव तिकडूनच आलं. २०१० पर्यंत तिथे ते ‘झाडांचं खत’ असं लेबल लावून उघड विकलं जायचं. एप्रिल २०१० मध्ये बंदी आली. आपल्याकडे एनडीपीएस कायद्याच्या यादीत ते २०१५ मध्ये आलं. पण शिकण्यासारखी गोष्ट बंदीच्या पुढची आहे. लंडन, लिव्हरपूलसारख्या शहरांतल्या टोळ्या एक मोबाईल नंबर चालवतात आणि लहान गावांतल्या मुलांकडून माल पोहोचवून घेतात. तिथे याला ‘काउंटी लाइन्स’ म्हणतात. सुरुवातीला पोलीस त्या मुलांनाच पकडत बसले. नंतर त्यांनी रोख बदलला. २०१८ मध्ये यासाठी राष्ट्रीय समन्वय केंद्र उभं राहिलं आणि नंबर चालवणाऱ्याला गाठायचं यावर भर आला. जबरदस्तीने ओढलेल्या मुलांना २०१५ च्या मॉडर्न स्लेव्हरी कायद्यात बचावाची तरतूदही आहे. तिथला प्रश्न संपलेला नाही, पण गुन्हेगार कोण आणि वापरला गेलेला कोण, हा फरक व्यवस्थेने करायला सुरुवात केली.

आपल्याकडे हा फरक कळेपर्यंत उशीर झालेला असतो. एमडीच्या बाबतीत २ ग्रॅमपर्यंत ‘अल्प मात्रा’ आणि ५० ग्रॅमच्या वर ‘व्यावसायिक मात्रा’. व्यावसायिक मात्रेला शिक्षा १० ते २० वर्षं, शिवाय किमान १ लाख रुपये दंड, आणि जामीन मिळणं महाकठीण. ‘एवढं पार्सल कोल्हापूरला देऊन ये, दोन हजार देतो’ म्हटल्यावर बाईकला किक मारणाऱ्या पोराला हे माहीत असतं का? ५० ग्रॅम म्हणजे जेमतेम मूठभर पावडर. याच कायद्याचं कलम ६४-अ तर क्वचितच कुणाला माहीत असतं. व्यसनात अडकलेल्याने स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतले, तर अल्प मात्रेच्या प्रकरणात त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. मात्र उपचार अर्धवट सोडले तर ते संरक्षण जाऊ शकतं.

म्हणून पुढचा छापा पडेल तेव्हा कोटींच्या आकड्याबरोबर आणखी काही प्रश्न विचारायला हवेत. ते शेड भाड्याने देताना कुणाची नोंद झाली होती का? एमआयडीसीतल्या बंद गाळ्यांची तपासणी शेवटची कधी झाली? उग्र वास, रात्रीची वाहनं, अनोळखी कामगार हे गावाला दिसतंच, पण पोलीस पाटलापासून ठाण्यापर्यंत ते सांगणाऱ्याचं नाव गुप्त राहील याची खात्री कोण देतं? केंद्राची १९३३ ही ‘मानस’ हेल्पलाइन आहे, तिथे माहितीही देता येते आणि व्यसनाबद्दल मदतही मागता येते. हा नंबर किती कॉलेजांच्या नोटीस बोर्डवर लागलाय?

मुंबईची गाडी गावात येईपर्यंत माल तयार झालेला असतो, थोडा विकलेलाही असतो. तो विकत घेणारी आणि पोहोचवणारी पोरं आपल्याच वयाची आहेत.