बंदूक ‘सुटत’ नसते

मागच्या महिन्यात आम्ही सगळी चुलत-आते-मामे भावंडं काटोलजवळ दादाच्या संत्र्याच्या बगिच्यात जमलो होतो. रोडगे, वांग्याची भाजी, वरण असं तुडुंब जेवण झालं. मंडळी सतरंजीवर आडवी होणार, तेवढ्यात दादाने पोरांना दाखवायला म्हणून आतून नवी बंदूक आणली. बारा बोर, पंप अ‍ॅक्शन. रानडुकरं फार माजली आहेत म्हणून घेतलेली.

त्याने नळीखालची मूठ मागे ओढली, पुढे ढकलली. खटॅक-खटॅक. सिनेमात येतो अगदी तस्सा आवाज. पोरं वेडी झाली. "काका, अजून एकदा!" परत खटॅक-खटॅक. नळीचं तोंड आधी पंख्याकडे, मग खिडकीकडे, आणि मग खिडकीतून फिरत फिरत समोर बसलेल्या सहा-सात पोरांच्या डोक्यांवरून दाराकडे.

मी म्हटलं, "दादा, नळी तिकडे कर."

"अगं, रिकामी आहे. आणि सेफ्टी लावून आहे. काय घाबरून राहिली एवढी?"

सगळे हसले. मग कुणीतरी ती जुनी गोष्ट काढलीच... "हिला अजून ती धरमपेठेतली आठवते. काकांच्या हातून बंदूक सुटली होती ना!" पुन्हा हशा.

मी व्हरांड्यात जाऊन बसले. त्या दिवशी बोलता आलं नाही ते आज लिहिते आहे. घरातल्यांनी रागवायचं तर खुशाल रागवावं.

आधी ती गोष्ट. आमच्या धरमपेठेतल्या जुन्या घरात आजोबांची दुनळी बंदूक होती. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि आजोबांची शिकार संपली. बंदूक मात्र राहिली. निवडणूक आली की ती ठाण्यात जमा करायची, निवडणूक संपली की परत आणायची आणि तेलपाणी करायचं, एवढंच तिचं काम. १९८५ च्या मार्चमध्ये विधानसभेच्या निवडणुकीनंतर काका ती घेऊन आले. मी नऊ वर्षांची होते.

काकांनी दिवाणावर जुना पेपर पसरला, नळ्या पुसल्या. घरात कागदी टोपणाची जुनी काडतुसं होती. ती दमटपणाने फुगतात आणि नळीत जात नाहीत. कुठली जातात आणि कुठली अडतात, हे काका एकेक घालून बघत होते. तेवढ्यात दारात दूधवाला आला, महिन्याचा हिशोब घेऊन. काकांनी बंदूक मिटवली, दिवाणावर ठेवली आणि बाहेर गेले. पाचेक मिनिटांनी परत आले. दादाला आणि मला म्हणाले, "या, नेम कसा धरतात ते दाखवतो. तू तिकडे भिंतीपाशी उभी राहा. तू वाघ."

मी वाघ झाले. पंजे वगैरे काढून गुरगुरलेसुद्धा. तेवढ्यात आईने स्वयंपाकघरातून हाक मारली, पाट मांडायला. मी गेले. पहिला पाट मांडते न मांडते तोच आवाज झाला.

भिंतीचं प्लास्टर उडालं होतं. भोक मुठीएवढं होतं, माझ्या छातीच्या उंचीवर. लोकांना वाटतं, छर्रे म्हणजे सगळीकडे फवारा उडतो. तसं नसतं. छर्रे पसरायला अंतर लागतं. खोलीतल्या खोलीत ते एका गठ्ठ्यानेच जातात.

त्या भोकावर दुसर्‍या दिवशी ‘कालनिर्णय’ टांगलं गेलं. पुढे दरवर्षी नवं कालनिर्णय त्याच खिळ्याला. पुढे घर पाडून तिथे फ्लॅट झाले, तेव्हा ती भिंतही गेली.

आमच्याकडे ही गोष्ट सांगतात तेव्हा दूधवाला असतो, कालनिर्णय असतं, आजी कशी ओरडली तेही असतं. वाघ नसतो. तो भाग कधी गळाला, कुणी गाळला, मला माहीत नाही. उरलं ते एवढंच: "काकांच्या हातून बंदूक सुटली." काका आता नाहीत, आणि त्यांच्यावर मला आजही तितकीच माया आहे. ते निष्काळजी माणूस मुळीच नव्हते. रात्री गॅसचा कॉक दोनदा बघणारे होते. म्हणूनच हे लिहायला हवं.

माझं भांडण त्या ‘सुटली’शी आहे.

मराठीत काय काय सुटतं बघा. वारा सुटतो. शाळा सुटते. पोट सुटतं. यातलं काहीच कुणी ‘करत’ नाही, ते आपलं आपण होतं. त्याच रांगेत आपण गोळीही बसवली आहे. पेपर उघडा: ‘बंदूक साफ करताना गोळी सुटली’. १ ऑक्टोबर २०२४ ला अभिनेता गोविंदाच्या पायात त्याच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरची गोळी शिरली, तेव्हाही हेच वाचलं. रिव्हॉल्वर ठेवताना हातातून निसटलं आणि गोळी सुटली. ते आत भरलेलं का होतं, हा प्रश्न दोन दिवसांत विरून गेला.

आणि हे फक्त आपलंच नाही. ११ फेब्रुवारी २००६ ला अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष डिक चेनी टेक्सासमध्ये लाव्यांच्या शिकारीला गेले होते. उडालेल्या पक्ष्यामागे त्यांनी बंदूक वळवली आणि बार थेट त्यांच्या सोबत्याच्या, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या हॅरी व्हिटिंग्टनच्या तोंडावर-छातीवर बसला. पक्ष्याच्या पलीकडे कोण उभं आहे ते बघायचं राहून गेलं. इस्पितळातून बाहेर आल्यावर व्हिटिंग्टन यांनीच चेनींना झालेल्या त्रासाबद्दल खेद व्यक्त केला! छर्रे खाल्ले त्याने आणि वाईटही वाटलं त्यालाच. आमच्या घरातही ‘वाघा’लाच ऐकून घ्यावं लागतं, की अजून घाबरते म्हणून.

आता दादाच्या दोन वाक्यांकडे येते. "रिकामी आहे" आणि "सेफ्टी लावून आहे".

आजोबांची दुनळी त्या मानाने सरळ होती. मधोमध मोडली की दोन्ही नळ्यांची तोंडं समोर. काडतूस आहे की नाही ते लांबूनही दिसायचं. तरी तिने भिंत फोडली. पंप अ‍ॅक्शन त्याहून लपवाछपवी करणारी आहे. तिची काडतुसं नळीच्या खाली, दुसर्‍या नळकांड्यात एकामागे एक झोपलेली असतात. मूठ मागे ओढली की चेंबरमधलं काडतूस बाहेर फेकलं जातं, आणि पुढे ढकलली की खालचं नवं काडतूस चेंबरमध्ये जाऊन बसतं. म्हणजे "बघ, काढून टाकलं" म्हणत मूठ मागे-पुढे करणारा माणूस बंदूक रिकामी करत नसतो. नळकांड्यात काही शिल्लक असेल तर तो ती भरत असतो. दादा, तुझी ती खटॅक-खटॅक म्हणजे बंदूक भरायचीच कृती आहे. पोरांनी "अजून एकदा" म्हटलं की तू ती पुन्हा करत होतास.

आणि सेफ्टी. बहुतेक पंप बंदुकांत ते बटण फक्त चाप अडवतं. आतला घोडा ताणलेलाच असतो. बंदूक पडली, आपटली, आतला खटका झिजलेला असला, तर बटणाचा भरवसा नाही. बटण चढलंय की उतरलंय हे माणूस विसरतो, ते वेगळंच.

यावर कुणी म्हणेल, "बघ, म्हणजे गोळी आपोआप सुटू शकते, हे तूच कबूल केलंस." हो, केलं. यंत्र बिघडतं. क्वचित बिघडतं, पण बिघडतं. म्हणून तर पहिला नियम नळीच्या तोंडाचा आहे. जेफ कूपर नावाच्या अमेरिकन माजी सैनिकाने विसाव्या शतकात हे चार नियम नीट बांधून दिले आणि ते जगभर शिकवले जातात. माझ्या शब्दांत सांगते. कुठलीही बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं. ज्याचा नाश झालेला चालणार नाही त्याच्याकडे नळीचं तोंड न्यायचं नाही. नेम धरून बार काढायचं नक्की होईपर्यंत बोट चापाच्या बाहेर ठेवायचं. आणि समोर काय आहे आणि त्याच्या पलीकडे काय आहे, हे ओळखल्याशिवाय बार काढायचा नाही.

गंमत अशी की माणूस जखमी व्हायला यातले किमान दोन नियम एकदम मोडावे लागतात. काकांनी पहिले तीन मोडले. आई चौथा. म्हणजे आईने हाक मारली नसती तर चौथ्याचाही निकाल लागला असता.

पंप बंदूक रिकामी करायची रीत काही अवघड नाही. नळी मोकळ्या, सुरक्षित दिशेला. बोट चापाच्या बाहेर. सेफ्टी लावलेली. मूठ मागे ओढून चेंबर उघडायचं, त्यातलं काडतूस काढायचं. मग नळकांड्यातलं प्रत्येक काढायचं (मॉडेलप्रमाणे खटका वेगळा असतो, तो पुस्तिकेत बघायचा). मग चेंबर आणि नळकांड्याचं तोंड डोळ्यांनी बघायचं आणि बोटानेही चाचपायचं. एकदा झालं की पुन्हा एकदा. दुसर्‍याच्या हातात देताना उघडी द्यायची, आणि घेणार्‍याने स्वतः बघायचं. देणारा सख्खा भाऊ असला तरी. चाप ओढून बार निघाला नाही तर निदान अर्धा मिनिट नळी समोरच धरून थांबायचं, कारण जुनं काडतूस कधी कधी उशिरा पेटतं. घरी बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसर्‍या कुलपात. सफाईच्या खोलीत काडतूस आणायचंच नाही. दूधवाला आला तर सगळं पहिल्यापासून.

कायद्याला हे ठाऊक नाही असं नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांत परवान्यासाठी सुरक्षिततेचं प्रशिक्षण घातलेलं आहे, शस्त्र नीट ठेवण्याची हमी घातलेली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने लग्नात, मिरवणुकीत बेफिकीर बार काढणार्‍याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. पण आपल्याकडे प्रशिक्षण म्हणजे फायलीला लावायचा कागद. बंदूक ही वापरायची वस्तू नाही, ‘असायची’ वस्तू आहे, मग शिकायचं कशाला, असा एकंदर हिशोब.

आमच्याच भागात एका बँकेच्या दारात एक सुरक्षारक्षक बसतो. वयस्कर, हसतमुख. गुडघ्यांमध्ये बंदूक उभी आणि नळीच्या तोंडावर दोन्ही पंजे, पंज्यांवर हनुवटी. एकदा ती मांडीवर आडवी होती आणि तोंड पेन्शनवाल्यांच्या रांगेकडे. न राहवून म्हटलं, "काका, ती जरा वर धरा ना." ते म्हणाले, "काही नाही होत ताई, किती वर्षं झाली, चालवलीच नाही." मला हायसं वाटावं म्हणून ते हे सांगत होते. ज्याने ती वर्षानुवर्षं चालवली नाही, त्याच्या मांडीवर ती भरून ठेवलेली! दोष त्यांचा नाही. हातात बंदूक देऊन सराव न देणार्‍यांचा आहे.

धरमपेठेत मुलांचं ट्रॅफिक पार्क आहे. छोटे रस्ते, छोटे सिग्नल, झेब्रा क्रॉसिंग. आम्ही तिथे शिकलो, आमची पोरं शिकली. लाल म्हणजे थांबायचं, हे पाच वर्षांच्या पोराला शिकवायला आपण आख्खा बगीचा उभा करतो. पन्नाशीच्या माणसाला बारा बोरची बंदूक घरी आणताना मात्र कुणी विचारत नाही, की बाबा, नळी कुठे धरशील?

"आजोबांनी चाळीस वर्षं वापरली, काही झालं नाही," हेही त्या दिवशी ऐकलं. आजोबा शिकारी होते. ओढा ओलांडताना, कुंपण चढताना, चहाला बसताना ते बंदूक मोडून खांद्यावर टाकायचे, हे दादा, तूच आम्हाला सांगितलंस. काही झालं नाही, ते त्या सवयीमुळे. आपण बंदूक वारशाने घेतली आणि सवय तिथेच सोडून दिली.

डुकरं पिकाची नासाडी करतात, हे मला मान्य आहे. बंदूक ठेवू नकोस असं मी म्हणत नाही. परवाना आहे, वनखात्याची परवानगी काढ, वापर. पण ती दिवाणखान्यात आणू नकोस. ते खेळणं नाही आणि दागिनाही नाही. आणि कृपा करून पोरांना तो आवाज पुन्हा ऐकवू नकोस, कारण उद्या तू घरी नसताना त्यांना तेवढंच येत असेल.

दिवाळीला सगळ्यांनी पुन्हा बगिच्यात जमायचं ठरलं आहे. मी येईन. पण आल्यावर आधी कपाटाचं कुलूप बघेन, मग काडतुसांचं. ती दोन्ही दिसली नाहीत तर लेकीला आणि भाच्यांना घेऊन जेवायच्या आधी परत फिरेन. राग येऊ दे, चालेल.

आणि ती गोष्ट निघालीच, तर या वेळी ती मी सांगणार आहे. वाघासकट. "काकांच्या हातून बंदूक सुटली" असं न म्हणता, "काकांनी बंदूक झाडली आणि मी पाट मांडायला गेले होते" असं.