अन्नातील रोगजंतूंच्या खात्रीशीर चाचण्यांची सोय कोल्हापुरात व्हावी, यासाठी निवेदन

प्रति,
मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य, मुंबई
मार्फत : मा. सहायक आयुक्त (अन्न), कोल्हापूर

विषय : रोगजंतूंच्या चाचण्या कोल्हापूरच्या पदार्थांवर पडताळून घेणे व त्यांची कायमची सोय जिल्ह्यात करणेबाबत.

महोदय,

फेब्रुवारी 2025 मध्ये शिरोळ तालुक्यातील शिवनाकवाडी येथे यात्रेच्या महाप्रसादातून अडीचशेहून अधिक लोकांना विषबाधा झाली. प्रसादात खीर होती. उपचार घेऊन माणसे घरी जातात, पण नेमके कशाने झाले हा प्रश्न अशा प्रत्येक घटनेनंतर गावात मागे उरतो. त्याचे उत्तर प्रयोगशाळाच देऊ शकते. त्यासाठी नमुना वेळेत व थंड अवस्थेत पोचायला हवा आणि वापरलेली चाचणी त्या पदार्थावर चालते, हे आधी सिद्ध झालेले असायला हवे. हे दुसरे काम आमच्याकडे दुर्लक्षित राहते, म्हणून हे निवेदन.

आमचा कांदा-लसूण मसाला घ्या. कांदा-लसणातील घटक जंतूंची वाढ दाबून धरतात. जंतू मरत नाहीत, पण तपासणीच्या द्रवात वाढत नाहीत, आणि अहवालात ‘साल्मोनेला आढळला नाही’ असे येऊ शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या पद्धतपुस्तिकेत कांदा-लसणाच्या पुडीसाठी द्रवात पोटॅशियम सल्फाइट घालायला सांगितले आहे; दालचिनी शंभरपट, तर लवंग हजारपट पातळ करून तपासायची असते. आमच्या मसाल्यात हे सगळे एकत्र असते. तेव्हा बाजारातले झटपट तपासणी संच या मसाल्यावर, म्हशीच्या दाट दुधावर, बासुंदीवर आणि गुळावर पडताळल्याशिवाय वापरू नयेत, ही आमची पहिली आणि सर्वांत आग्रहाची मागणी आहे. पडताळणीची रीत आयएसओ 16140 या मालिकेत दिलेली आहे. पदार्थाच्या काही भागांत मोजून अगदी थोडे जिवंत जंतू सोडायचे, काही भाग तसेच ठेवायचे आणि नव्या चाचणीचा निकाल प्रमाण पद्धतीशी ताडून पाहायचा. जंतू असून किती वेळा सापडला नाही आणि नसताना किती वेळा सापडला, हे आकडे आपण जाहीर करावेत.

खिरीसारख्या पदार्थात आणखी एक अडचण असते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि बॅसिलस सिरीयस हे जंतू अन्नात विष तयार करतात. पदार्थ पुन्हा उकळला की स्टॅफिलोकॉकस मरतो, पण त्याचे विष टिकते. बॅसिलसचे उलटी आणणारे विषही उकळण्याला दाद देत नाही. नुसते जंतू वाढवून पाहिले तर अहवाल निर्दोष येईल आणि माणसे मात्र दवाखान्यात असतील. म्हणून विषाची थेट तपासणीही या सोयीत असावी.

नमुना घेण्याची शिस्तही सुधारावी लागेल. रासायनिक तपासणीसाठी दुधात फॉर्मॅलिन घालतात, ते जंतूंना मारते. रोगजंतूंसाठीचा नमुना वेगळा, निर्जंतुक भांड्यात, काही न मिसळता घ्यावा आणि बर्फाच्या पेटीत तापमान नोंदवून पाठवावा. प्रत्येक अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला अशी पेटी आणि तापमापक मिळावा. हा खर्च फार नाही.

मनुष्यबळ इथेच आहे. शिवाजी विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आहे, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि सीपीआर रुग्णालय आहे. पडताळणीला लागणारे प्रमाण जंतू पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संग्रहातून मिळू शकतात. या संस्थांशी करार करून जिल्ह्यात एनएबीएल अधिस्वीकृत कक्ष उभारावा. रुग्णाच्या शौचात सापडलेला जंतू आणि अन्नातला जंतू एकच आहे का, हे तिथेच पाहता येईल. विषबाधेचे रुग्ण कळवण्याबाबत अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 च्या कलम 35 मध्ये तरतूद आहे. तिची अंमलबजावणी करून खासगी डॉक्टरांनाही यात आणावे.

साल्मोनेलाची प्रमाण तपासणी पूर्ण व्हायला चार-पाच दिवस लागतात, हे आम्ही जाणतो. त्याहून लवकर निकाल मिळावा, असा आमचा आग्रह नाही. कायद्याने अन्न विश्लेषकाला दिलेली 14 दिवसांची मुदत मात्र पाळली जावी आणि विषबाधेच्या प्रत्येक प्रकरणाचा अहवाल, कोणत्या पद्धतीने तपासले या तपशिलासह, त्या ग्रामपंचायतीला मराठीत मिळावा. आज जिल्ह्यातील नमुन्यांची रोगजंतूंसाठीची तपासणी कुठे होते व त्या प्रयोगशाळेची अधिस्वीकृती कोणत्या चाचण्यांपुरती आहे, हेही लेखी कळवावे.

जोतिबाच्या चैत्र यात्रेला लाखो भाविक वाडी रत्नागिरीवर येतात आणि जागोजागी अन्नदान होते. निदान नमुन्याच्या पेट्या आणि दुधाच्या पदार्थांवरील पडताळणी यांचे काम त्याआधी सुरू करावे आणि या निवेदनावर चर्चेसाठी आम्हाला वेळ द्यावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
कोल्हापूर जिल्ह्यातील ग्राहक, दूध उत्पादक व सूक्ष्मजीवशास्त्राचे शिक्षक
(सह्या सोबत जोडल्या आहेत)

प्रत माहितीसाठी : मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर