वेताळाला पडद्याने मोठे केले नाही

सुपरहिरो जगभर पोहोचतो तो सिनेमामुळे, कॉमिक्स म्हणजे नुसता कच्चा माल, असे आता छातीठोकपणे सांगितले जाते. या म्हणण्याला आधार नाही असे नाही. आयर्न मॅन १९६३पासून छापला जात होता. पण कॉमिक्सच्या वाचकांबाहेर त्याला ओळखणारे थोडेच. २००८ साली रॉबर्ट डाउनी ज्युनिअरने ते चिलखत चढवले आणि तो घरोघरी पोहोचला. पडदा वेग देतो, हे मान्यच. पण पडद्याशिवाय परदेशात लोकप्रियता मिळतच नाही, हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे.

आपला वेताळच घ्या. ली फॉकचा हा फँटम १९३६ साली अमेरिकी वृत्तपत्रांत अवतरला. १९४३ची चित्रपटमालिका कधीच विस्मरणात गेली आणि १९९६चा बिली झेनचा चित्रपट तिकीटबारीवर आपटला. तरीही ऑस्ट्रेलियात १९४८पासून आणि स्वीडनमध्ये १९५०पासून त्याची नियतकालिके निघत आली. स्वीडनच्या संपादकांनी तर त्याच्या नव्या कथाच लिहून घेतल्या. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात वाहगी लोकांनी लढाईच्या ढालींवर त्याला रंगवले: तोच मुखवटा, तोच घट्ट पोशाख. मृत्यूला न जुमानणारा वीर ढालीवर हवा, यात नवल ते काय!

भारतात १९६४ साली टाइम्स समूहाने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केली. पुढे ती मराठीतही आली. संपादकांनी वेताळाच्या मूळ देशाचे बंगाला हे नाव बदलून डेंकाली केले. परक्या नायकाला इथल्या वाचकाच्या हाती देताना घेतलेली ही काळजी मला फार मोलाची वाटते. कवटीचा ठसा उमटवणारी त्याची अंगठी मराठी मुलांना ठाऊक झाली ती त्या स्वस्त, रंगीत पानांतून.

‘तो काळ वेगळा होता,’ असे कुणी म्हणेल. मग पडद्याचाच दाखला घेऊ. १९७८ साली जपानच्या तोएई कंपनीने स्पायडरमॅनची मालिका काढली, तेव्हा नायक जपानी मोटारसायकलपटू केला आणि त्याच्या दिमतीला प्रचंड यंत्रमानव दिला. पडद्यालाही त्या मातीत उतरावे लागले. परदेशात नायक टिकतो तो तिथल्या भाषेत, तिथल्या रुचीने आणि नियमितपणे भेटत राहिला म्हणून. माध्यम कागदाचे की पडद्याचे, हा पुढचा प्रश्न.

इंद्रजाल १९९० साली बंद पडली. मराठी प्रकाशकांनी आता चित्रपटाची वाट पाहत बसू नये. चांगल्या कॉमिक्सचे हक्क घ्यावेत, उत्तम अनुवादक नेमावेत आणि मुलांच्या खिशाला परवडेल असा अंक दर महिन्याला काढावा.