सोमवारची सुट्टी

'गोव्याला चाललीयेस? मग सोमवार कशाला? शनिवार-रविवारात उरकून ये ना!' हा माझ्या रूममेटच्या बॉसचा सल्ला. रूममेट मूळची गोव्याची. दरवर्षी या एका सोमवारसाठी ती कधी ताप आणायची, कधी चुलतबहिणीचं लग्न लावायची. २०२५ मध्ये तिने रजेच्या मेलमध्ये पहिल्यांदाच खरं कारण लिहिलं : मिरवणूक. उत्तर आलं, 'गुड फ्रायडेची सुट्टी आहेच की!' रजा मिळाली, पण बिनपगारी.

मी फ्रीलान्सर, मला रजाच नसते! म्हणून मीही निघाले.

आता एक फंडा क्लिअर करू. गोवा वेल्हा म्हणजे ओल्ड गोवा नव्हे. आपण फोटो काढतो ती मोठी चर्च ओल्ड गोव्यात. गोवा वेल्हा हे पणजी-मडगाव हायवेवरचं गाव, तिथल्या सेंट अँड्र्यू चर्चमधून निघतं 'संतांचं पुरसांव'. तारीख दरवर्षी बदलते, वार मात्र सोमवारच. ईस्टरच्या आधी तेरा दिवस मोजायचे. त्या वर्षी ७ एप्रिल आला.

ही प्रथा सतराव्या शतकात फ्रान्सिस्कन साधूंनी सुरू केली. तेव्हा गोव्यात पैसा खूप आणि चैनही खूप. लोकांना उपदेशाऐवजी माणसंच दाखवू, अशी त्यामागची आयडिया. संत फ्रान्सिसचा 'थर्ड ऑर्डर' हा संसारी लोकांचा पंथ. घरदार, कामधंदा सांभाळून साधेपणाने जगायचं. आपले वारकरी आठवले ना? मलाही आठवले. म्हणून इथल्या पालख्यांत फ्रान्सचा राजा लुई असतो, तसे लुसियो आणि बोना हे नवरा-बायकोही असतात. लुसियो आधी नफेखोर धान्यव्यापारी होता म्हणे. पुढे सगळं वाटून टाकलं.

१८३४ मध्ये पोर्तुगाल सरकारने धार्मिक संघ बंद केले आणि मिरवणूकही थांबली. कित्येक मूर्ती गेल्या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ती पुन्हा सुरू झाली. पूर्वी पासष्ट मूर्ती असायच्या असं सांगतात, आता साधारण तीस. अशी मिरवणूक रोमनंतर फक्त आमच्याकडेच, हेही गावात प्रत्येक जण सांगतो. दोनदा सांगतो!

मूर्ती माणसाच्या उंचीच्या, कापडी झगे घातलेल्या. ज्यावर त्या ठेवतात त्याला 'आंदोर' म्हणतात. रूममेटच्या बाबांनी तीस वर्षं आंदोरला खांदा दिला. यंदा गुडघ्याने साथ सोडली आणि त्यांच्या जागी तिचा धाकटा भाऊ उभा राहिला. तिला रजा हवी होती ती यासाठी. हे मात्र तिने बॉसला लिहिलं नव्हतं. 'एवढं कशाला सांगायचं?'

संध्याकाळची प्रार्थना संपली आणि एकेक संत बाहेर पडू लागले. बाजूला जत्रा, चणे, खाजं, हातपंखे. उकाडा एवढा की मी लगेच दोन पंखे घेतले. बाबा रस्त्याकडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. भावाचा आंदोर समोर आला तसे ते उठले आणि त्याच्यावर चक्क ओरडले, 'पाय जुळव रे!' भावाने पाय जुळवले. रूममेट हसता हसता रडायला लागली. मी दुसऱ्या पंख्याने तिला वारा घातला.

रात्रीची शेवटची बस पकडली. मंगळवारी साडेनऊला तिला कार्ड पंच करायचं होतं.