नऊ सेकंदांचा तांबडा दिवा

दिवाळीत उंबरठ्यावर पणती लावतात, ती येणाऱ्याला घर दिसावे म्हणून. पण जाणाऱ्याच्या पाठीशी लावावा लागतो असाही एक दिवा असतो. आणि आमच्या बीड जिल्ह्यात त्याची गरज नेमकी दिवाळीच्या सुमारास पडते.

ऊसतोडीचा हंगाम आला, की आमच्याकडची गावेच्या गावे हलतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात फडांवर जायला जोडपी निघतात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’! ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ज्वारी-बाजरीची पोती, भांडीकुंडी, एखादी शेळी, आणि त्या पसाऱ्यावर पेंगणारी पोरे. रात्री मांजरसुंब्याच्या रस्त्याला अशी ट्रॉली दिसली, की माझी नजर आधी तिच्या मागच्या दिव्याकडे जाते. दिवा विझलेला दिसला, की चालकाचे उत्तर ठरलेले, “दिवा हाय हो, वायर तुटलीय!”

त्या वायरीची किंमत पाहा. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मागचा तांबडा दिवा 155 मीटरांवरून दिसायला हवा. ताशी 60 किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला सुमारे 17 मीटर पळते. म्हणजे मागून येणाऱ्या तुम्हाआम्हाला सावध व्हायला नऊ सेकंद मिळतात. दिवा विझला, की ते नऊ सेकंदही गेले!

आणि दुरुस्ती काही डोंगराएवढी नाही. आमच्या ओळखीचे एक वायरिंगचे मिस्त्री आहेत. सारे त्यांना चाचा म्हणतात. “बाबा रे, दिवा बल्बात नसतो, जोडात असतो,” हे त्यांचे पालुपद. ट्रॉलीच्या दिव्याची परतीची वीज पुष्कळदा हुकाच्या लोखंडातूनच जाते. हुकावर गंज आणि ग्रीस बसले, की दिवा मिणमिणतो. म्हणून चाचा अर्थिंगची वेगळी तार टाकतात. वळणावर ताण येऊ नये इतकी केबल सैल सोडायची, पण ती जमिनीवर घासता कामा नये. पत्र्याच्या भोकातून ती जाते तिथे रबराचे कडे हवे. जोड नुसता पिळून त्यावर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली, तर तो पहिल्या पावसापर्यंतचा सोबती! तोच जोड नीट दाबून किंवा डाग देऊन वर टेप गुंडाळली, की टिकतो.

कामाला हात घालण्यापूर्वी चावी बंद करून बॅटरीची ऋण तार आधी सोडावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी. धन टोकावर पाना असताना तो गाडीच्या अंगाला टेकला, तर ठिणगी उडते. 12 व्होल्टचा झटका बसत नाही हे खरे. पण टोके एकमेकांना भिडली, तर हातातली अंगठी क्षणात लाल होईल एवढा प्रवाह वाहतो. तेव्हा अंगठी-कडे काढून ठेवावे. चार्ज होताना बॅटरीतून ज्वालाग्राही वायू निघतो, म्हणून जवळ विडीही नको.

फ्यूजचा हिशेब सोपा आहे. 12 व्होल्टवर 60 वॅटचा बल्ब 5 अँपिअर प्रवाह घेतो. ज्या आकड्याचा फ्यूज उडाला, त्याच आकड्याचा घालावा. त्याच्या जागी चांदीचा कागद किंवा तार घातली, की फ्यूजऐवजी वायर जळते.

वाचकहो, हे तुमच्या मोटारीलाही लागू आहे. उंदरांनी कुरतडलेली वायर किंवा जळका वास दिसला-आला, की गाडी मिस्त्रींकडे न्यावी. एअरबॅगच्या बहुधा पिवळ्या असणाऱ्या वायरींना आणि विजेवरच्या गाडीच्या नारिंगी केबलींना घरी हात लावू नये. दिवाळीच्या सुटीत गावी निघण्यापूर्वी मात्र घरातल्या कोणाला तरी मागे उभे करून ब्रेक दाबावा आणि दोन्ही दिवे लागतात ना, ते विचारावे.

आणि गावाकडे तुमच्या भाऊबंदांची ट्रॉली असेल, तर फराळाला बसण्याआधी तिच्या मागे एकदा जाऊन या. दिवा लागत नसेल, तर वायर आणि तांबडे परावर्तक तुम्हीच आणून द्या. लाडवांच्या डब्याहून ही भेट महाग पडणार नाही.