आयत्या बिळावर नागोबा कोण?

जुलै २०२३ मध्ये हैदराबादेत पावसाने झोड उठवली होती. त्या दिवसांत अलवाल भागातल्या एका घरात साप शिरला. घरच्यांनी महापालिकेला कळवले. तासांमागून तास गेले तरी कोणी फिरकले नाही. शेवटी त्या गृहस्थाने साप उचलला, तडक वॉर्ड ऑफिस गाठले आणि टेबलावर सोडून दिला! त्याची चित्रफीत देशभर फिरली. लोकांनी टाळ्या पिटल्या. "या सरकारी बाबूंना असाच धडा शिकवायला हवा," असे म्हणणारे मला माझ्याच घरात भेटले.

मी स्वतः सरकारी कारकून. टेबलाच्या त्या बाजूला बसणारा. तेव्हा माझी सहानुभूती कुठे असेल हे सांगायला नको. पण मला खटकले ते वेगळेच. नागरिकाचा राग निवला, कारकुनाची फजिती झाली, बघणाऱ्यांची करमणूक झाली. साप त्या घरात आला का, हे मात्र कोणीच विचारले नाही. माझे भांडण आहे ते इथेच.

मी मूळचा गोव्याचा, नोकरीमुळे हैदराबादेत स्थिरावलो. आटत चाललेल्या एका तलावाकाठच्या क्वार्टर्समध्ये तळमजल्यावर राहतो. पावसाळ्यात आमच्या परसात धामण येते, गटारापाशी दिवड दिसते, आणि दोनदा नागही येऊन गेला आहे. दर खेपेला कॉलनीत एकच ओरड, "साप घुसला!" वाचकहो, हे 'घुसला' क्रियापद जरा तपासून बघा. हैदराबाद उभे आहे ते सुमारे अडीचशे कोटी वर्षांच्या ग्रॅनाइटवर. एकावर एक रचल्यासारखे धोंडे, त्यांच्यामधल्या कपारी, खुरटी झुडपे, निजामाच्याही आधीपासूनचे तलाव... सापाला याहून चांगले घर कोणते? १९९८ साली सायबर टॉवर्स उभे राहिले आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत शहराच्या पश्चिमेचे कित्येक धोंडे सुरुंगाने फुटले. कपारी बुजल्या, त्यांच्यावर इमारती आल्या, इमारतींबरोबर कचरा आला, कचऱ्यावर उंदीर आले आणि उंदरांमागून साप आला. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण आपण दुसऱ्यांना लावतो. इथे नागोबा बिचारा बिळाबाहेर आहे, आणि बिळात फ्लॅट घेऊन बसलेलो आपण आहोत!

बरे, आपण सापाचे वैरी आहोत असेही नाही. आपण तर भक्त! श्रावणात नागपंचमीला आणि कार्तिकात नागुल चवितीला इथल्या तेलुगू बायका वारुळाला जातात, हळदकुंकू वाहतात, दूध ओततात. तेलुगूत वारुळाला 'पुट्ट' म्हणतात. आम्हा गोवेकरांना यात नवे काही नाही. आमची सातेरी म्हणजे साक्षात वारूळ. कित्येक देवळांत मूर्तीच्या जागी रोयणच पुजली जाते. साप दिसला तर घरातली वडीलधारी माणसे त्याचे नावही घेत नसत, 'जिवाणं' किंवा 'जनावर' म्हणत. त्या भीतीत एक आब होता. त्याच्या वाटेला जायचे नाही आणि त्याला आपल्या वाटेवर आणायचे नाही, इतका साधा करार होता तो. आजच्या भक्तीत तो करार उरलेला नाही. साप दूध पीत नाही, त्याला ते पचतही नाही. गारुड्याच्या टोपलीतला नाग दूध पितो असे वाटते, कारण त्याला कित्येक दिवस तहानलेला ठेवलेले असते. त्याचे दात मोडलेले असतात, कधी तोंडही शिवलेले असते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हा गुन्हा आहे, तरी दहा रुपयांत पुण्य मिळते म्हटल्यावर गिऱ्हाईक येतेच. आणि पंचमी उलटली, की त्याच वारुळाच्या जागी पार्किंग हवे म्हणून सोसायटीच्या सभेत ठराव पास होतो!

आता सुशिक्षितांचा उपाय बघू. आपण साप मारत नाही, फोन करतो. हैदराबादेत 'फ्रेंड्स ऑफ स्नेक्स सोसायटी' १९९५ पासून हे काम करते. एका फोनवर तिचे स्वयंसेवक येतात, साप पकडतात आणि वनखात्याच्या मदतीने दूर नेऊन सोडतात. अलीकडच्या काळात त्यांनी वाचवलेल्या सापांचा आकडा वर्षाला दहा हजारांच्या पलीकडे गेला आहे. काठी घेऊन धावणाऱ्या गर्दीतून इतके जीव सोडवणाऱ्या या मंडळींना माझा नमस्कार आहे. नाग किंवा घोणस घरात आली तर त्यांनाच बोलवावे, स्वतः शौर्य गाजवू नये. माझी तक्रार आहे ती फोन करणाऱ्यांबद्दल. कुंपणालगत सरपटत निघालेल्या बिनविषारी धामणीसाठीही आपण फोन फिरवतो. 'सोडून या कुठेतरी लांब!' हे 'लांब' म्हणजे नेमके कुठे? सापाला आपला मुलूख ठाऊक असतो. बीळ, पाणी, भक्ष्य, लपायची जागा, सगळे. परक्या रानात टाकलेला साप पुष्कळदा भटकत राहतो आणि मरतो. शिवाय ते रान तरी कुठे उरले आहे? मार्च २०२५ च्या अखेरीस हैदराबाद विद्यापीठालगतच्या कांचा गच्चीबावली इथल्या चारशे एकरांवर बुलडोझर फिरले. ३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोड थांबवली तेव्हा कुठे ते थबकले. म्हणजे घरातला साप रानात सोडायचा, आणि रानाचे करायचे घर. हे गणित कोणाला सुटत असेल तर त्याने मलाही समजवावे.

यावर हमखास येणारा प्रश्न मला माहीत आहे. "अहो, चावला म्हणजे? तुमची पोरे नाहीत का अंगणात खेळत?" प्रश्न रास्त आहे. सर्पमित्रांच्या फोटोंवर 'किती गोंडस!' लिहिणाऱ्यांनीही तो नीट ऐकावा. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, वर्षाला सरासरी ५८ हजार. यातले सुमारे ७० टक्के मृत्यू आठ राज्यांत झाले, आणि त्यांत तेलंगणासह आंध्र प्रदेश आहे. पण मरतो कोण? फ्लॅटवाला नव्हे. मरतो तो अनवाणी शेतकरी आणि जमिनीवर निजणारे त्याचे पोर.

आमच्या क्वार्टर्सचा वॉचमन महबूबनगरकडचा. परसातली धामण त्यानेच आम्हाला ओळखायला शिकवली. "साब, हा जेर्रिपोतु. हा आहे तोवर उंदीर नाहीत. याला राहू द्या." हाच माणूस एकदा बोलता बोलता म्हणाला, "माझा थोरला भाऊ सापानेच गेला." शेतीला वीज तेव्हा रात्रीची येई. मोटर चालू करायला अंधारात गेला, पायाला घोणस चावली. आधी मांत्रिक झाला, मग झाडपाला झाला, दुसऱ्या दिवशी इस्पितळ. तोवर मूत्रपिंडे गेली होती. ज्याचा भाऊ सापाने नेला तो धामणीला राहू द्या म्हणतो, आणि ज्यांना आयुष्यात कधी साप चावला नाही ते आमच्या सभेत कार्बोलिक ॲसिडचे डबे मागवतात! ॲसिडने साप हटत नाही, पोरांचे हात तेवढे भाजतील.

त्या भावाला एक विजेरी, एक जोडी गमबूट आणि वेळेवर प्रतिविष मिळते तर कदाचित तो आज असता. प्रतिविषही सापाशिवाय बनत नाही. चेन्नईजवळच्या इरुळा आदिवासींची १९७८ सालची सहकारी संस्था आहे. तिचे सभासद नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे पकडतात, विष काढतात आणि साप परत रानात सोडतात. त्या विषाच्या सूक्ष्म मात्रा घोड्यांना टोचून त्यांच्या रक्तातून औषध तयार होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतले. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय आराखडा काढला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. आराखड्याची फाईल तालुक्याच्या इस्पितळातल्या फ्रिजपर्यंत पोचते की नाही, हे बघणे आपले काम आहे. फाईल मध्येच कुठे कुठे विसावा घेते हे मी कारकून म्हणून चांगले जाणतो!

तेव्हा सापासोबत राहणे म्हणजे त्याला कुरवाळणे नव्हे, आणि पूजणेही नव्हे. कचरा रोज उचलला जावा, म्हणजे उंदीर कमी होतील. भिंतीलगत विटा-लाकडांचा ढीग नको. गटाराला जाळी हवी, दाराखालची फट बुजवावी, वाटेवर दिवा हवा. मण्यार रात्रीची हिंडते आणि तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही, म्हणून खाली निजणाऱ्याला निदान खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी मिळावी. चावलाच तर बांधणे नको, कापणे नको, चोखणे नको, सरळ इस्पितळ. यातली निम्मी कामे नगरपालिकेची, निम्मी आपली. एकही देवाचे नाही. अलवालच्या त्या टेबलावर साप ठेवण्यापेक्षा गटारे, कचरा आणि दिव्यांचा अर्ज ठेवला असता तर टाळ्या कमी पडल्या असत्या, पण पुढच्या पावसाळ्यात उपयोग झाला असता.

हे सगळे हैदराबादचे आहे, आमचे काय, असे पणजी-मडगावात बसून कोणी म्हणेल. आपल्या जांभ्या दगडाच्या सड्यांकडे बघा म्हणजे झाले. तिथल्या दगडांखाली फुरसे राहते, आणि सड्यांवर आता काय काय उभे राहते आहे ते मी सांगायला नको. कुळागरे मोडून व्हिला होत आहेत. त्या व्हिलात उद्या 'साप घुसला' म्हणून ओरड होईल आणि मालक, बहुधा दिल्लीचा, फोन फिरवील. तेव्हा त्याला हसू नका. त्याला भाट विकले कोणी, हे आधी आठवा.